पुठ्ठ्याचं कडं आणि गुरूचे चंद्र

गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० रोजी गुरूजवळ तीन ठिपके पाहिले. १३ तारखेला चौथाही दिसला. गुरूचे हे चंद्र आपण विज्ञानाच्या तासाला शिकलो. त्यामागची एक साधी युक्ती मात्र धड्यात नव्हती.

त्या काळी भिंगाच्या कडा नीट घासल्या जात नसत. कडेचे किरण मधल्या किरणांशी जुळत नसत आणि ग्रह फिसकटलेला दिसे. गॅलिलिओने भिंगाची कड झाकून टाकली. फ्लॉरेन्सच्या संग्रहालयातल्या त्याच्या एका दुर्बिणीचं भिंग ३७ मिलिमीटरचं आहे, पण उघडा भाग जेमतेम १५ मिलिमीटर. प्रकाश घटला, प्रतिमा मात्र रेखीव झाली. ग्रह मुळात तेजस्वी असल्याने तेवढा प्रकाश पुरला.

मित्रहो, आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेच्या कपाटात साध्या भिंगाची दुर्बीण पडून असेल, तर धूसर दिसतं म्हणून ती मोडीत काढू देऊ नका. काळ्या पुठ्ठ्याचं कडं कापून भिंगापुढे बसवा. छिद्र फार लहान करू नका, नाहीतर बारकावे हरवतात. धानाची कापणी आटोपली, आकाश निवळलं, की मुलांना गुरू दाखवा. आपण जे पाठ केलं, ते त्यांना डोळ्यांनी पाहता येईल.