कूटचा वेढा आणि कैरोचे हेर

टी. ई. लॉरेन्स हे नाव घेतले की उंट, वाळवंट आणि जून १९१६ मध्ये मक्केत तुर्की साम्राज्याविरुद्ध पेटलेले अरबांचे बंड डोळ्यांपुढे उभे राहते. आम्हांस मात्र त्याआधीचे एक पान अधिक बोलके वाटते, कारण त्यावर मराठी माणूस आहे.

डिसेंबर १९१५ पासून मेसोपोटेमियातील कूट येथे तुर्कांनी सहाव्या पुणे डिव्हिजनला वेढले होते. तीत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. एप्रिल १९१६ मध्ये कैरोच्या लष्करी गुप्तवार्ता विभागातून कॅप्टन लॉरेन्स तेथे आला. खलील पाशास पैसे चारून वेढा उठवावा आणि तेथील अरब बंड करतील काय हे अजमावावे, ही कामगिरी. देकार २० लाख पौंडांपर्यंत चढला; तुर्कांनी तो धुडकावला. २९ एप्रिलला सुमारे १३,००० जण शरण गेले. त्यांतले हजारो कैदेत मेले.

पुढे हेजाझच्या बंडात तेच ब्रिटिश सोने कामी आले आणि लॉरेन्स आख्यायिका झाला. हेरांच्या यशाची कथा वाचताना, त्यांचा डाव फसला तेव्हा किंमत कोणी मोजली, हे आपण तरी विसरू नये.