कोष्टकांतील रिकाम्या जागा



शाळेंत रसायनशास्त्राच्या वर्गांत भिंतीवर टांगलेला मूलद्रव्यांचा तक्ता आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिला असेल. वाचला मात्र थोड्यांनींच असेल. मींहि कित्येक वर्षें तो मुलांकडून नुसता पाठ करून घेतला. एके दिवशीं एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, टेल्यूरियमचा अणुभार आयोडीनपेक्षां जास्त, मग तें अगोदर कां?" मला उत्तर येत नव्हतें. "तक्त्यांत आहे तसें लिही," असें दरडावून मीं त्याला खालीं बसविलें. तें राहिलेलें उत्तर आज द्यावें, असा मानस आहे.

१८६९ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथील विद्यापीठांत प्राध्यापक दिमित्री मेंडेलीव्ह हे रसायनशास्त्राचें पाठ्यपुस्तक लिहीत होते. त्या वेळीं ६३ मूलद्रव्यें ठाऊक होतीं. तीं कोणत्या क्रमानें शिकवावीं, ही अडचण खरी शिक्षकाचीच! अणुभाराच्या चढत्या क्रमानें तीं मांडतां, ठराविक अंतरानें तेच गुणधर्म पुनः पुनः प्रकट होतात, असें त्यांना दिसलें. लिथियम, सोडियम आणि पोटॅशियम हे तिन्ही मऊ धातु. पाण्यांत पडतांच हायड्रोजन वायु मुक्त करणारे. आजच्या तक्त्यांत हीं भावंडें एकाच उभ्या स्तंभांत बसतात. तक्ता वाचावयाचा तो असा: आडव्या ओळींत क्रम पाहावा, उभ्या स्तंभांत स्वभाव.

परंतु केवळ क्रमानेंच जावें, तर कांहीं मूलद्रव्यें भलत्याच घराण्यांत जात. तेथें मेंडेलीव्ह यांनीं ओढाताण केली नाहीं. घर रिकामें सोडलें. १८७१ सालीं अशा तीन अज्ञात मूलद्रव्यांचे गुणधर्महि त्यांनीं वर्तविले, आणि तात्पुरत्या नांवांसाठीं संस्कृतांतील 'एक' हा शब्द योजिला: एक-ॲल्युमिनियम, एक-बोरॉन व एक-सिलिकॉन. १८७५ सालीं फ्रान्समध्यें ल कॉक द ब्वाबोद्राँ यांना यांतील पहिलें, म्हणजे गॅलियम, सांपडलें. त्यांनीं घनता मोजली ती ४.७ भरली. ती सुमारें ५.९ असावयास हवी, असें मेंडेलीव्ह यांनीं कळविलें. आणि अधिक शुद्ध नमुना घेऊन मोजतां ती तेवढीच निघाली! पुढें १८७९ सालीं स्कँडियम व १८८६ सालीं जर्मेनियम सांपडून उरलेलीं दोन्ही घरें भरलीं.

आतां टेल्यूरियमकडे वळूं. आयोडीनचा स्वभाव क्लोरीन व ब्रोमीन यांचा, म्हणून मेंडेलीव्ह यांनीं तें त्यांच्याच घराण्यांत ठेविलें, आणि टेल्यूरियमचा अणुभार मोजण्यांत चूक झाली असावी, असें मानिलें. जागा बरोबर होती. कारण चुकलें होतें. अणुभार खरोखरच अनुक्रमें १२७.६ व १२६.९ आहेत. १९१३ सालीं हेन्री मोस्ली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञानें क्ष-किरणांच्या साहाय्यानें दाखविलें, कीं खरा क्रम वजनाचा नसून अणुगर्भांतील विद्युद्भाराचा आहे. टेल्यूरियमचा क्रमांक ५२, आयोडीनचा ५३. दोनच वर्षांनीं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, मोस्ली गॅलिपोलीच्या रणांगणावर मारला गेला.

आज ११८ मूलद्रव्यें ज्ञात असून तक्त्याच्या सातहि ओळी भरल्या आहेत. जें ठाऊक नव्हतें त्याची जागा मेंडेलीव्ह यांनीं मोकळी ठेविली, म्हणून इतरांना तें कोठें शोधावें हें कळलें. मला मात्र एका मुलापुढें "ठाऊक नाहीं" एवढे दोन शब्द उच्चारवले नाहींत. तो आज हें ऐकत असेल, तर त्याला इतकेंच सांगतों: बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता.