खोक्यातून उभा राहिलेला संसार

स्मरणिकेसाठी गृहोपयोगी असे काहीतरी लिहा, असा चिटणीसबाईंचा निरोप आला. लोणची-मुरंब्यांवर लिहिणाऱ्या आपल्या मंडळात पुष्कळ आहेत. तेव्हा मी करवत आणि हातोडी हाती घेतलेल्या एका बाईची हकीकत सांगावयाचे ठरविले. तिचे नाव लुईझ ब्रिगहॅम. ती अमेरिकेतील, १८७५ साली बोस्टन शहरी जन्मलेली. आपल्याकडे तिचे नाव फारसे कोणी ऐकलेले नाही, आणि खुद्द तिच्या देशातही मधली कित्येक वर्षे तिचा विसर पडला होता.

तिच्या तरुणपणी तिकडच्या मोठ्या शहरांत गरिबांच्या वस्त्या दाटीने वाढत होत्या. युरोपातून आलेली कुटुंबे न्यूयॉर्कच्या कोंदट इमारतींत एकेका खोलीत राहात. जेकब रीस याने १८९० साली त्यांच्या हालांवर पुस्तक लिहून साऱ्या शहराला हलवून सोडले. त्याच्या आदल्याच वर्षी जेन ॲडम्स आणि एलेन स्टार या दोघी मैत्रिणींनी शिकागोत हल हाऊस काढले होते. शिकल्यासवरल्या मुली अशा वस्त्यांत जाऊन राहात, शेजाऱ्यांना शिकवीत व त्यांच्याकडून शिकत. लुईझनेही क्लीव्हलंड शहरी असे एक घर चालविले. गरिबाच्या खोलीत बसावयास खुर्ची नाही, कपडे ठेवावयास कपाट नाही, आणि विकत घ्यावे तर हप्त्यांचे कर्ज मानेवर बसते, हे तेथे काम करणाऱ्या बायकांना रोज दिसत असे.

पण तिची खरी परीक्षा झाली ती फार दूरवर. १९०६ च्या सुमारास लागोपाठ दोन उन्हाळे ती उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गन बेटावर जाऊन राहिली. तेथे अमेरिकनांनी कोळशाच्या खाणी सुरू केल्या होत्या. त्या बेटावर एकही झाड उगवत नाही, आणि उन्हाळाभर सूर्य मावळत नाही. खाणवाल्यांची प्रत्येक वस्तू, अगदी दाणागोटासुद्धा, बोटीने लाकडी खोक्यांतून येई. सामान काढून घेतले की खोके उरे. ज्या मुलखात लाकडाची काडी मिळावयाची नाही, तेथे हे खोके म्हणजे केवढे धन! लुईझने त्या खोक्यांचीच टेबले, बाके, मांडण्या केल्या. घरी बसून काटकसरीवर व्याख्याने देणे सोपे असते. जेथे दुकानच नाही, तेथे करून दाखविणे निराळे.

परत आल्यावर तिने पुस्तक लिहिले. न्यूयॉर्कच्या सेंच्युरी कंपनीने १९०९ साली ते छापले. नाव होते ‘बॉक्स फर्निचर’, आणि त्यात खोक्यांपासून करावयाच्या शंभर वस्तूंची कृती, मापे आणि चित्रे होती. पुढच्याच साली ‘लेडीज होम जर्नल’ या बायकांच्या मासिकातून, आपले सारे बिऱ्हाड आपण खोक्यांतून कसे सजविले, ते तिने सांगितले. तिच्या वस्तूंत नक्षी नाही, कोरीवकाम नाही. सरळ उभ्या पट्ट्या, सरळ रेघा, चौकोन. त्या काळी व्हिएन्नातील कारागीर जी साधी, रेखीव शैली धनिकांसाठी घडवीत होते, तिचीच छाया साबणाच्या खोक्यावर पडलेली दिसते.

ज्यांनी कधी खोके उघडले आहे त्यांना ठाऊक असेल की खरे कौशल्य जोडण्यात नसून मोडण्यात आहे. खोक्याची फळी पातळ आणि मऊ असते. हातोडीचा रागाने एक ठोका घातला की ती उभी चिरते. म्हणून आतल्या बाजूने फळी हळूहळू सैल करावयाची, खिळा थोडा वर आला की तो अंबुराने धरून सरळ ओढावयाचा, आणि वाकलेला खिळा टाकून न देता दगडावर ठेवून ठोकून सरळ करावयाचा. मग गुण्या लावून काटकोन पाहावयाचा. कोन चुकला तर टेबल जन्मभर लंगडे. नव्या खिळ्यासाठी जुने भोक वापरू नये, आणि फळीच्या अगदी कडेला खिळा मारू नये. एवढे सांभाळले तर बाकीचे सवयीने येते. हे मी अनुभवाने सांगते. माझे पहिले स्टूल मी घराजवळच्या एका सुताराला मोठ्या उमेदीने दाखविले. त्याने ते हाताने हलवून पाहिले आणि तो पोट धरून हसला. स्टूल हलत होते हे मात्र खरे.

लुईझ मात्र वस्तू करून थांबली नाही. १९१० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ईस्ट नदीकाठच्या ग्रेसी मॅन्शन या जुन्या वाड्यात तिने वस्तीतील मुलांना हे काम शिकविले. संस्थेचे नाव होम थ्रिफ्ट असोसिएशन. हा वाडा १७९९ साली एका श्रीमंत व्यापाऱ्याने बांधलेला. १९४२ पासून तो शहराच्या महापौरांचे निवासस्थान झाला. मध्यंतरी तेथे गरिबांची पोरे खोकी फोडीत होती! पुढे तिने होम आर्ट मास्टर्स नावाची कंपनीही काढली. सुटे भाग टपालाने घरी यावयाचे आणि गिऱ्हाइकाने ते स्वतः जोडावयाचे. स्वीडनच्या आयकिया कंपनीने असा सुटा माल विकावयास १९५६ साली आरंभ केला. लुईझ त्याच साली वारली.

आता एक गोष्ट मोकळेपणाने लिहिली पाहिजे. हे सारे गरिबांना आवडले काय? फारसे नाही. कष्टकरी बायकांना मखमलीची गादी बसविलेली खुर्ची हवी असे, पडदे हवे असत, झालर हवी असे. साध्या लाकडाचे गुणगान करणाऱ्या बहुतेक बाया सुखवस्तू घरच्या. जन्मभर खोक्यावर बसलेल्या बाईला खोक्याचे कौतुक सांगावयास जाणे यात थोडा उद्धटपणा आहेच. लुईझच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की ती स्वतः त्याच सामानात राहिली.

तिचा उद्योग मागे पडला त्याचे एक कारण मात्र अगदी निराळे. कागदी पुठ्ठ्याच्या पेटीतून माल पाठविला तर अमेरिकेतील रेल्वे कंपन्या जास्त भाडे घेत. १९१४ साली प्रिडहॅम खटल्यात हा भेद अन्यायाचा ठरला. मग पुठ्ठ्याच्या पेट्या भराभर वाढल्या आणि लाकडी खोके वाण्याच्या दारातून हळूहळू नाहीसे झाले. कच्चा मालच गेला! नंतरही ही कल्पना अधूनमधून डोके वर काढीत राहिली. हॉलंडच्या रीटफेल्ट याने १९३४ च्या सुमारास खोक्याच्या फळ्यांची खुर्ची केली, आणि इटलीच्या एंझो मारी याने १९७४ साली साध्या फळ्या व खिळे यांत होणाऱ्या १९ वस्तूंचे नकाशे लोकांना टपालखर्चात देऊ केले. या दोघांची नावे कलेच्या इतिहासात केव्हाच गेली. लुईझचे नाव शोधून काढावयास अभ्यासकांना फार वेळ लागला. असे का, हे आपल्या मंडळात तरी समजावून सांगावयास नको.

आपल्याकडे बैठक जमिनीवरची, म्हणून पाट, चौरंग आणि फडताळ एवढ्यावर संसार भागे. तरी खोके आपल्याही घरात आलेच. परदेशी रॉकेल येई ते दोन डबे एका लाकडी खोक्यात असे. तशी दोन खोकी एकावर एक ठेवून माझ्या आजीने स्वयंपाकघरात मांडणी केली होती. फळी तिने स्वतः ठोकली होती. आजोबांना खिळा मारता येत नसे. पाहुणे यावयाचे असले की ती मांडणीपुढे जुन्या लुगड्याचा पडदा सोडी. एकदा कोणी पडदा बाजूस करून, ही कोणी केली, असे विचारले. आजी म्हणाली, "सुताराने."

ती मांडणी आता माझ्याकडे आहे. वरच्या फळीच्या मागे रॉकेल कंपनीची छापील अक्षरे अजून अर्धवट वाचता येतात. पडदा मी काढून टाकला आहे.