तपकिरी मेद व उष्णताचित्रण : एका संज्ञेचा व एका साधनाचा इतिहास

सन १५५१ मध्ये स्विस निसर्गशास्त्रज्ञ कॉनराड गेस्नर याने मार्मोट या शीतनिद्रा घेणाऱ्या प्राण्याच्या दोन्ही फऱ्यांमधील एका ऊतकाचे वर्णन केले. ते धड मेदही नव्हे व धड मांसही नव्हे, असा त्याचा अभिप्राय होता. पुढील अभ्यासकांस ही अनिश्चितता मानवली नाही. त्यांनी त्या ऊतकास ग्रंथी ठरविले व ती शीतनिद्रा घेणाऱ्या प्राण्यांत ठळक दिसते म्हणून तिला 'शीतनिद्रा-ग्रंथी' हे नाव दिले. ही संज्ञा दुहेरी चुकीची होती. हे ऊतक ग्रंथी नव्हते व शीतनिद्रेपुरते मर्यादितही नव्हते. तथापि नाव एकदा रूढ झाले की त्याच्या पलीकडे पाहणे दुष्कर होते. १९०२ मध्ये शिंकिशी हाताई याने मानवी गर्भात हे ऊतक दाखविले, तेव्हाही त्याचे वर्णन 'ग्रंथी' याच शब्दाने झाले.

या ऊतकाचे खरे कार्य १९६० नंतरच्या दशकात स्पष्ट झाले. सामान्य मेद इंधन साठवितो. तपकिरी मेद ते जाळतो. त्याच्या पेशींत तंतुकणिका विपुल असतात आणि त्यांतील लोहयुक्त प्रथिनांमुळे त्यास तपकिरी छटा येते. एका विशिष्ट प्रथिनाच्या योगाने तेथील ज्वलनाची ऊर्जा रासायनिक रूपात न साठता सरळ उष्णता होऊन बाहेर पडते. डॉकिन्स व स्कोप्स यांनी १९६५ मध्ये नवजात अर्भकांसंबंधी हेच प्रतिपादिले. अर्भकास प्रौढाप्रमाणे कुडकुडून ऊब निर्माण करता येत नाही. ते काम त्याचा तपकिरी मेद करतो. अपुऱ्या दिवसांच्या मुलात हा साठा तुटपुंजा असतो. बाळंतिणीच्या बाजेखालील शेगडी, कुंची व दुपटी यांचा आपल्याकडील परिपाठ या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. मात्र शेगडीच्या धुराचा अपाय विसरता कामा नये.

मराठीत या विषयाला तयार शब्द नाही. 'मेद' ही आयुर्वेदातील सप्तधातूंपैकी चौथ्या धातूची संज्ञा. 'चरबी' हा फारसीतून आलेला शब्द, आणि 'अंगात चरबी येणे' म्हणजे तर उन्मत्तपणा. साठवण व माज हे दोन्ही अर्थ भाषेत आहेत; जळून ऊब देणाऱ्या मेदाची कल्पना मात्र तीत नाही.

प्रौढ माणसात हा मेद उरतच नाही, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. किरणोत्सारी शर्करा टोचून घेतलेल्या पेट चित्रणांच्या आधारे २००९ मध्ये तीन स्वतंत्र संशोधकगटांनी ती खोटी ठरविली. मानेच्या मुळाशी, गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या खळगीत, प्रौढांतही कार्यक्षम तपकिरी मेद आढळला. परंतु निरोगी बालकास केवळ जिज्ञासेपोटी किरणोत्सारी द्रव्य देणे कोणासही रुचणार नाही. येथे उष्णताचित्रण उपयोगी पडते. विल्यम हर्शलने १८०० मध्ये लोलकाच्या तांबड्या पट्ट्यापलीकडे तापमापक ठेवून ज्या अवरक्त किरणांचा शोध लावला, तेच किरण त्वचेतून सतत बाहेर पडत असतात. कॅमेरा केवळ ते टिपतो. देहाला स्पर्शही करीत नाही. नॉटिंगहॅम येथील मायकेल सायमंड्स व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये निरोगी मुलांत या खळगीचे तापमान थंडाव्यापूर्वी व थंडाव्यानंतर मोजले; लहान मुलांत ते प्रौढांहून अधिक आढळले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या खेड्यांत माता व अर्भकांचा अभ्यास आरंभिला. तेथील अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडातील साउदॅम्प्टन येथील अर्भकांचे ३.५ किलो भरले. तरी त्वचेखालील मेद मात्र पुण्याच्या अर्भकांत त्या मानाने बराच टिकून होता. ही 'कृश-मेदस्वी' ठेवण पुढील मधुमेहाची पूर्वखूण असावी, असे त्यांचे मत आहे. त्या अर्भकांत तपकिरी मेद किती होता, हे या मोजमापावरून कळत नाही. लायडन येथे २०१४ मध्ये दक्षिण आशियाई वंशाच्या व श्वेतवर्णीय अशा प्रत्येकी बारा तरुणांची तुलना झाली, तीत पहिल्या गटात तपकिरी मेदाचे आयतन कमी आढळले. चोवीस पुरुषांवरून एका उपखंडाविषयी निष्कर्ष काढणे साहसाचे होईल. पण प्रश्न मात्र योग्य ठिकाणी येऊन ठेपला आहे.

त्याचे उत्तर इकडे शोधावयाचे तर साधनाची मर्यादा ओळखली पाहिजे. कॅमेरा मेदाचे नव्हे, त्वचेचे तापमान सांगतो. मध्ये पांढऱ्या मेदाचा थर असेल तर आतील ऊब झाकली जाते. म्हणजे ज्या कृश-मेदस्वी देहासाठी ही पद्धती हवी, तेथेच ती फसण्याचा संभव. त्यात हवामानाची भर. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा मंडणगड तालुका घ्या : सावित्रीच्या खाडीकाठी हवा दमट, पावसाळा दीर्घ, आणि कडाक्याची थंडी जवळजवळ नाही. घामाने ओली त्वचा बाष्पीभवनाने निवते, आणि कॅमेऱ्यास दिसते ती त्या ओलाव्याचीच उष्णता. शिवाय ज्या मुलाने थंडी क्वचितच अनुभविली, त्याच्या खळगीतील तापमान नॉटिंगहॅमच्या मुलाशी सरळ ताडून पाहणे अयुक्त होय. मंडणगडच्या शाळेत असे मापन करावयाचे झाल्यास खोली कोरडी व थंड ठेवणे, त्वचेखालील मेदाची जाडी स्वतंत्रपणे मोजणे, आणि तेच मूल भर पावसात व पौषात अशा दोन वेळा तपासणे, इतके तरी अवश्य करावे लागेल.