ऱ्हुमॅटॉइड संधिवात : गोळीला जोड हालचालीची आणि ताटाची

नागपूर, प्रतिनिधी

वर्धा मार्गाने खापरीच्या दिशेला निघाले की मिहानचा परिसर लागतो. मालवाहतुकीचे केंद्र म्हणून आखलेल्या या प्रकल्पात आज माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये, विमानांच्या देखभाल-दुरुस्तीचे केंद्र आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते लोकार्पण झालेले ‘एम्स’ एकाच परिसरात उभे आहेत. एकीकडे दिवसाचे आठ-नऊ तास कळफलकावर बोटे चालवणारा नोकरदार वर्ग, तर दुसरीकडे विदर्भातून आणि शेजारच्या मध्य प्रदेशातून उपचारांसाठी येणारे रुग्ण. या दोन्ही वर्गांना गाठणारा आणि दोन्हीकडे सारखाच गैरसमजांनी वेढलेला आजार म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, अर्थात ऱ्हुमॅटॉइड संधिवात.

या आजाराचे निदान झाले की रुग्णाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘काय खायचे नाही?’ प्रश्न स्वाभाविक आहे. पण त्याचा क्रम चुकतो. आजवरच्या वैद्यकीय पुराव्यानुसार पहिले स्थान औषधाचे, दुसरे व्यायामाचे आणि तिसरे आहाराचे. प्रत्यक्षात अनेक घरांत हा क्रम नेमका उलटा लागतो. पथ्य कडक पाळले जाते, व्यायाम बंद होतो आणि जरा बरे वाटले की औषधही सुटते. त्याची किंमत बोटांच्या सांध्यांना मोजावी लागते.

हा ‘वात’ वेगळा

वयोमानाप्रमाणे गुडघा झिजून होणारा संधिवात वेगळा आणि हा वेगळा. यात शरीराची संरक्षणयंत्रणाच आपल्या सांध्यांच्या आतील अस्तरावर हल्ला चढवते. अस्तर सुजते, जाड होते आणि पुढे कूर्चा व हाड कुरतडू लागते. मनगटे, बोटांची पेरे आणि पावलांचे लहान सांधे दोन्ही बाजूंना एकाच वेळी दुखू लागतात. सकाळी उठल्यावर हात अर्धा तास, तासभर, कधी त्याहूनही अधिक वेळ आखडलेले राहतात. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये प्रमाण दुपटी-तिपटीने अधिक असून ऐन कर्त्या वयात, तिशी ते साठीच्या दरम्यान, तो बहुधा डोके वर काढतो.

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने ‘कॉपकॉर्ड’ या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत घरोघरी पाहणी केली. तीत प्रौढांमधील या आजाराचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का, म्हणजे दर दोनशे जणांत एक, असे आढळले. आकडा लहान वाटतो. मात्र लाखो वस्तीच्या शहराला तो लावून पाहिला की त्याचे वजन कळते.

नागपूरकरांसाठी आणखी एक गुंता आहे. २०२४ मध्ये शहरात चिकुनगुनियाची मोठी साथ येऊन गेली. या तापानंतरची सांधेदुखी काही महिने रेंगाळू शकते आणि तिचे रूप या संधिवाताशी मिळतेजुळते असते. केवळ ‘आरए फॅक्टर’ या एका रक्तचाचणीवर निवाडा करता येत नाही. अँटी-सीसीपी चाचणी, सुजेची तपासणी आणि लक्षणांचा कालावधी यांचा एकत्रित विचार करावा लागतो. सहा आठवड्यांपेक्षा अधिक काळ सांधे सुजलेले राहिले तर एम्स, मेडिकल, मेयो किंवा खासगी संधिवाततज्ज्ञ यांपैकी कोठेही, पण तपासणी व्हायलाच हवी. पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर सांधे वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते. कुरतडलेले हाड नंतर कोणत्याही पथ्याने भरून येत नाही.

आठवड्यातून एकदाच

मेथोट्रेक्सेट हे या उपचाराचे मुख्य औषध. त्याची आणि त्याच्यासोबत दिल्या जाणाऱ्या फॉलिक अॅसिडची कुळकथा एकाच प्रयोगशाळेत जाते. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात या दोन्ही द्रव्यांवर काम झाले. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेटच्या अल्प मात्रेला अमेरिकेत १९८८ मध्ये मान्यता मिळाली.

हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले गेल्यास तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात आणि जीवावरही बेतू शकते. त्यामुळे गोळ्यांच्या पाकिटावर वार ठळक अक्षरांत लिहून ठेवावा. उपवासाचा वार आणि औषधाचा वार शक्यतो एक ठेवू नये; उपाशीपोटी मळमळ वाढते, आणि वेदनाशामक गोळी तर रिकाम्या पोटी घेऊच नये. औषधाचा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. मधल्या काळात दिले जाणारे स्टेरॉइड हा केवळ पूल असतो. तो स्वतःच्या मनाने लांबवू नये आणि एकाएकी तोडूही नये. मद्यपान यकृतावर दुहेरी भार टाकते. मूल हवे असलेल्या दाम्पत्याने आधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण गर्भारपणात हे औषध निषिद्ध आहे आणि ते काही महिने अगोदर थांबवावे लागते.

विश्रांतीचा जुना सल्ला

‘सांधे दुखतात तर हलवू नका’ हा सल्ला आजही घरोघरी ऐकू येतो. एके काळी डॉक्टरही तोच देत असत. रुग्णांना आठवडेच्या आठवडे पलंगावर ठेवले जाई. दरम्यान स्नायू वितळत आणि सांधे आखडून बसत. नेदरलँड्समध्ये सुमारे तीनशे रुग्णांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या भीतीची परीक्षा घेतली. आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी सव्वा तास, बऱ्यापैकी जोमाचा व्यायाम दोन वर्षे करणाऱ्यांची कार्यक्षमता सुधारली आणि बहुतेकांच्या मोठ्या सांध्यांची झीज त्यामुळे वाढली नाही. ज्यांचे गुडघे, खांदे आधीच फार बिघडले होते, त्यांना मात्र जपून व्यायाम करावा लागतो, हेही त्याच अभ्यासाने दाखवले.

हातांसाठीचा पुरावा ब्रिटनमधून आला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सारा’ या चाचणीत ४९० रुग्णांचा समावेश होता. नेहमीच्या उपचारांसोबत बोटे-मनगटांचे ताणाचे आणि बळ वाढवण्याचे व्यायाम शिकवलेल्या गटाचे हात वर्षअखेरीस अधिक कामाचे राहिले. मूठ हळूहळू वळून उघडणे, बोटे फाकवणे, अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावणे, मनगट वर-खाली नेणे, मऊ चेंडू दाबणे असा हा साधा प्रकार. मिहानमधील कार्यालयात खुर्चीवर बसूनही तो करता येतो. दर अर्ध्या-पाऊण तासाने कळफलक सोडून उठावे. वातानुकूलन यंत्राचा झोत थेट हातांवर येऊ देऊ नये. क्लच दाबून बोटे भरून येत असतील तर गिअर नसलेली दुचाकी किंवा मेट्रो बरी.

पहाटे फिरायला जाण्याचा सर्वमान्य सल्ला या रुग्णांना सहसा मानवत नाही, कारण सांधे पहाटेच सर्वाधिक आखडलेले असतात. नागपूरच्या डिसेंबर-जानेवारीतील गारठ्यात तर अधिकच. कोमट पाण्याने अंघोळ करून, हातपाय मोकळे झाल्यावर किंवा संध्याकाळी व्यायाम करावा. आठवड्याला एकूण दीडशे मिनिटे चालणे, सायकल किंवा पोहणे आणि दोन-तीन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम हे उद्दिष्ट असावे. सुरुवात दहा मिनिटांनी झाली तरी चालेल. मात्रा ओळखण्याची सोपी खूण अशी : व्यायामानंतर दोन तासांनीही वेदना आधीपेक्षा जास्त असेल तर पुढच्या वेळी प्रमाण कमी करावे, बंद करू नये. दुखण्याने उचल खाल्ली, सांधा लाल-गरम झाला, तर त्याला विश्रांती द्यावी. तरीही दिवसातून एक-दोनदा तो हलक्या हाताने पूर्ण फिरवून घ्यावा.

योगासने करणाऱ्यांसाठी एक इशारा महत्त्वाचा. जुन्या आजारात मानेच्या वरच्या मणक्यांचे बंध सैल झालेले असू शकतात. अशा रुग्णाने शीर्षासन, सर्वांगासन, हलासन करणे धोक्याचे आहे. त्यात मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. सूर्यनमस्कारात मनगटांवर येणारा भारही सुजेच्या दिवसांत टाळावा.

‘घरकाम करतो, तोच व्यायाम’ हा आणखी एक गोड समज. पिळे घालून कपडे पिळणे, घट्ट कणीक तिंबणे, भरलेली बादली एका हाताने उचलणे यांत स्नायू बळकट होण्याऐवजी आधीच सुजलेल्या बोटांवर वेडावाकडा ताण येतो. पातेले दोन्ही तळहातांनी उचलावे, पिशवी बोटांत न धरता खांद्याला लावावी, उलथन्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करावा. आणि पाणी भरणे, कपडे पिळणे ही कामे घरातल्या इतरांनी उचलावीत. हा उपचाराचाच भाग आहे, उपकाराचा नव्हे.

ताटात काय असावे

आता आहार. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत नियमित व्यायामाची ठाम शिफारस केली. आहाराच्या बाबतीत मात्र भूमध्यसागरी पद्धतीच्या जेवणाची सशर्त शिफारस केली आणि इतर नावाजलेल्या आहारपद्धती व पूरक गोळ्यांच्या मागे न लागण्याचा सल्ला दिला. भाज्या, फळे, अख्खी धान्ये, कडधान्ये, सुकामेवा, मासे आणि ऑलिव्ह तेल भरपूर, तर साखर, मीठ, तांबडे मांस व कारखान्यात तयार झालेले पदार्थ कमी, असे त्या ताटाचे स्वरूप.

वैदर्भीय स्वयंपाकघर या ताटापासून फार दूर नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, आंबाडी-घोळीची भाजी, कांदा, जवसाची चटणी, शेंगदाणे आणि हंगामात संत्री. महागडे ऑलिव्ह तेल आणण्याचा अट्टहास न करताही बराच पल्ला गाठता येतो. चाचण्या झाल्या त्या परदेशी ताटावर, हे खरे. पण हृदयासाठी आणि वजनासाठी हे जेवण हितकर आहे यात शंका नाही, आणि या आजारात हृदयविकाराचा धोका वाढलेला असल्याने तो लाभ दुय्यम मानता येत नाही. तेलाचा तवंग असलेली तर्री आणि सावजी रस्सा वर्ज्य करण्याची गरज नाही. मात्र रोजच्या तर्री-पोह्यांनी वाढणारे वजन गुडघ्यांना आणि औषधाच्या परिणामाला, दोहोंना बाधते.

जवसाबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. त्यात ओमेगा-३ वर्गातील स्निग्धाम्ल विपुल असते. परंतु माशांत असणाऱ्या प्रकारात त्याचे रूपांतर शरीरात फारच थोडे होते. दाह कमी करण्याचा जो पुरावा आहे तो माशांच्या तेलाचा. मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा बांगडा, तारली यांसारखे तेलकट समुद्री मासे घ्यावेत. शाकाहारी व्यक्तीने चटणी जरूर खावी, पण तिला औषध समजू नये.

खरी चिंता वेगळीच आहे. वांगे वातूळ, हरभऱ्याची डाळ वातूळ, दही थंड, चिंच-लिंबू आंबट, बटाटा नको, टोमॅटो नको, अशी एकेक वस्तू वगळत रुग्णाचे, विशेषतः घरातल्या बाईचे, ताट चहा आणि पोळीवर येऊन ठेपते. वांगी-टोमॅटोने हा आजार बळावतो याला भक्कम आधार नाही. डाळी-मांसाचे निर्बंध बरेचदा शेजारच्या कोणाच्या युरिक अॅसिडच्या, म्हणजे गाउटच्या, पथ्यातून आलेले असतात. तो आजारच निराळा. दीर्घकाळच्या दाहाने या रुग्णांचे स्नायू आधीच क्षीण होत असतात. त्यांना प्रथिने अधिक लागतात : वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण एक ग्रॅम, म्हणजे साठ किलो वजनाला साठ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार नसेल तर डाळ, उसळ, दही, पनीर, अंडी, मासे यांतून ते मिळवावेत. स्टेरॉइड घेणाऱ्यांची हाडे ठिसूळ होतात, म्हणून दूध, तीळ आणि नाचणी यांतून कॅल्शियम, तसेच तपासणीनंतर ड जीवनसत्त्व आवश्यक. एखादा पदार्थ खरोखरच सोसत नाही असे वाटल्यास तो एकटाच तीन-चार आठवडे थांबवावा, पुन्हा सुरू करावा आणि काय फरक पडला ते वहीत लिहावे.

धूम्रपानाने या आजाराचा धोका वाढतो आणि औषधाचा गुणही कमी येतो, हे सिद्ध झाले आहे. हिरड्यांच्या विकारांशीही त्याचा संबंध आढळला आहे. विदर्भातील खर्रा हिरड्यांची काय अवस्था करतो, हे वेगळे सांगायला नको.

पुडी आणि काढा

आयुर्वेदात ‘आमवात’ या नावाने अशाच विकाराचे वर्णन माधवनिदानात येते आणि पचन सांभाळण्यावर त्यात भर आहे. सुंठ, हळद स्वयंपाकात असण्याला कोणाची हरकत नसावी. मात्र एकवटलेल्या अर्काच्या गोळ्या आणि मेथोट्रेक्सेट यकृताला एकाच वेळी झेपतीलच असे नाही. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला. वाद काहीही असो, काढा सुरू असल्याचे आपल्या डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. नाव-घटक नसलेल्या पुडीने दोन दिवसांत चमत्कार घडला, भूक वाढली आणि चेहरा गोल होऊ लागला, तर तीत स्टेरॉइड मिसळलेले असण्याची दाट शक्यता असते.

उन्हाळ्यात विशेष दक्षता

नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो. मेथोट्रेक्सेट मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. शरीरातील पाणी कमी झाले की ते साचून त्याची विषबाधा होऊ शकते, आणि सोबत वेदनाशामक गोळी असल्यास मूत्रपिंडांवरचा ताण वाढतो. या दिवसांत व्यायाम सूर्यास्तानंतर किंवा घरात करावा, पाणी व पातळ ताक वारंवार घ्यावे. उलट्या, जुलाब, ऊन लागणे किंवा ताप यांपैकी काही झाले तर त्या आठवड्याची मात्रा घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. रक्तपेशी, यकृत आणि क्रिएटिनिन यांच्या चाचण्या सुरुवातीला दर चार ते आठ आठवड्यांनी आणि नंतर साधारण तीन महिन्यांनी कराव्या लागतात. त्यांचे सर्व जुने अहवाल तारखेनुसार एकाच फायलीत लावून प्रत्येक भेटीला सोबत न्यावेत.