अंध साक्षीदाराची कुळकथा

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून विभक्त होऊन स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले. परंतु त्याच्या पेठांतील व्यवहार फार पूर्वीपासून मराठी, अहिराणी, भिली आणि गुजराती या भाषांत सरमिसळ चालत आलेला आहे, आणि ९ सप्टेंबर १९४२ रोजी गोळीबारात हुतात्मा झालेला कोवळा शिरीषकुमार मेहता हाही तेथील गुजराती भाषक घरातलाच. अशा गावाला आतिश कापडिया यांच्या ‘आंधळो पाटो’ या गुजराती नाटकाचे नाव, म्हणजे आपली आंधळी कोशिंबीर, समजावून सांगावे लागत नाही. त्या नाटकावरून २००२ साली ‘आंखें’ हा हिंदी चित्रपट निघाला. नोकरीवरून दूर केलेला एक बँक अधिकारी तीन अंधांना तालीम देऊन त्यांच्याकरवी बँक लुटवितो, आणि आंधळ्यावर कोणी संशय घेणार नाही या एकाच भरवशावर त्याची मसलत उभी असते.

हा भरवसा डोळसांचा आहे, आणि तो प्राचीन आहे. जिने पट्टी स्वेच्छेने बांधली ती गांधारी महाभारतात आहेच; परंतु युद्धानंतर त्या पट्टीच्या कडेखालून तिची दृष्टी युधिष्ठिराच्या पायाच्या नखांवर पडताच ती नखे काळवंडली, ही हकीकत व्यासांनी नोंदविली आहे. पट्टीखाली दृष्टी जागी असू शकते, हे भय आपल्या परंपरेला तेव्हापासून ठाऊक आहे.

पुढे युरोपात या भरवशाला एका उद्योगाचे रूप आले. वालँतँ हाऊई यांनी अठराव्या शतकात पॅरिसमध्ये स्थापिलेल्या अंधशाळेतील क्लोद माँताल या अंध विद्यार्थ्याने १८३०च्या सुमारास, वरिष्ठांचा विरोध सोसून, जुना पियानो उकलून त्याची रचना बोटांनी जाणून घेतली आणि १८३६ मध्ये पियानो सुरात लावण्याच्या विद्येवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पियानोच्या बहुतेक स्वरांना तीन-तीन तारा असतात. त्यांपैकी दोन नमद्याच्या पट्टीने मुक्या करून आधी एक तार लावावयाची, मग दुसरी मोकळी करून दोहोंच्या नादांत उमटणारी थरथर ऐकत खुंटी हळूहळू पिळावयाची, आणि ती थरथर पुरती विरली की तार लागली असे समजावयाचे. या कामात डोळ्यांचे साहाय्य अल्प, कानांचे सर्वस्व. त्यामुळे अंधशाळांतून हा व्यवसाय पसरला, आणि अंध कारागिराला परक्या घरांच्या दिवाणखान्यांत निःशंक प्रवेश मिळू लागला. ही प्रतिष्ठा त्या माणसांनी कष्टाने कमावली होती, हे मला येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. कारण पुढील कथेत ती लबाडीने खर्ची पडते.

ऑलिव्हिए त्रेनेर यांच्या २०१० मधील फ्रेंच लघुपटात अपयशी पियानोवादक अंधत्वाचे सोंग घेऊन पियानो लावीत हिंडतो, आणि त्याच बीजावरून श्रीराम राघवन यांनी ‘अंधाधुन’ रचला. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झालेला हा चित्रपट पुण्यात घडतो. शेजारीण दारातून पाहत असल्यामुळे सिमी या विवाहितेला, अंधत्वाचे सोंग घेतलेल्या पियानोवादक आकाशला घरात घेणे भाग पडते; तो पियानो वाजवू लागतो आणि तिच्या पतीचे प्रेत भुईवर पडलेले त्याला दिसते. हात थांबले तर सोंग उघडे पडेल, म्हणून तो वाजवीत राहतो, आणि त्या सुरांच्या आडोशाने ती व तिचा प्रियकर प्रेत पेटीत भरतात. मराठी-हिंदी रहस्यपटांत इतका निर्दय प्रसंग मी दुसरा पाहिलेला नाही. पुढे सिमी त्याला खरोखरच आंधळा करते. मग उसनी घेतलेली दुर्बलता त्याच्या पदरी कायमची पडते की काय, याचा निवाडा चित्रपट अखेरपर्यंत लांबवितो.

अशा साक्षीदाराला कायद्याची आडकाठी नव्हती: १८७२च्या पुराव्याच्या कायद्याने अंधाची साक्ष कधी नाकारली नाही. प्रश्न समजून घेऊन विवेकाने उत्तर देण्याची शक्ती असली की तो साक्षीस पात्र ठरे. आकाशला तर, आंधळा केला जाण्याआधी, डोळेही होते. परंतु फिर्याद घेऊन तो चौकीत शिरतो, तेव्हा प्रेत पेटीत भरणारा तो प्रियकरच इन्स्पेक्टर म्हणून समोर येतो, आणि ओठांवर आलेली खुनाची जबानी आकाश आपल्या मांजरावर नेऊन घालतो.