सोन्याच्या खाणीतून कॅन्सरच्या गाठीकडे

गाठ एक असली तरी तिच्यातल्या सगळ्या पेशी सारख्या वागत नाहीत. एका कडेला एखादे जनुक जोरात काम करते, तर दुसरीकडे तेच गप्प असते. पूर्वी तुकडा वाटून जनुकांचे काम मोजत. पण चटणी वाटल्यावर मिरची कुठे होती, हे तुम्हाला सांगता येईल का?

2016 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगाचा पातळ काप बारीक ठिपके असलेल्या काचेवर ठेवला आणि ठिपक्यागणिक जनुकांचे काम मोजले. मग प्रश्न आला गणिताचा: दिसणारा फरक खरा की योगायोग?

त्याची तयारी आधीच झाली होती, तीही वैद्यकाबाहेर! 1950 मध्ये मोरान यांनी शेजारशेजारचे आकडे किती सारखे आहेत, हे मोजणारा निर्देशांक दिला. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतले खाण अभियंता डॅनी क्रिग यांनी मोजक्या नमुन्यांवरून सोन्याचा अंदाज बांधण्याची रीत मांडली. 2018 च्या 'स्पेशियल-डीई' पद्धतीत त्याच जातीचे गणित आहे.

एक धोका मात्र असतो. 20,000 जनुके तपासताना पाच टक्के चुकीची मुभा ठेवली, तर निव्वळ योगायोगाने हजारेक जनुके 'सापडू' शकतात. त्यासाठी बेंजामिनी आणि होखबर्ग यांची 1995 ची चाळणी लावतात.

तुमच्या नेहमीच्या बायोप्सी रिपोर्टमध्ये हा नकाशा नसतो. सध्या तो मुख्यतः संशोधनातच वापरतात.